रिदमिक जिम्नॅस्टिक्सची वाट: मुलीला या खेळात घालू पाहणाऱ्या पालकांसाठी

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रिदमिक जिम्नॅस्टिक्सच्या मॅटवर साऱ्या जगातून केवळ ९४ खेळाडू उतरल्या. वैयक्तिक प्रकारात २४ जणी होत्या आणि सांघिक प्रकारात पाच-पाच जणींचे १४ संघ. वर्गात नाव घालण्याआधी हा आकडा पालकांना ठाऊक असलेला बरा, कारण या खेळातले बहुतेक चुकीचे निर्णय ‘आपली मुलगी तिथे पोहोचणारच’ या गृहीतकातून आणि त्यापोटी केलेल्या घाईतून होतात. खेळाची कारकीर्द लहान असते हे खरे आहे, पण म्हणून बालपणही आखूड करावे लागते असे नाही. पुढे जी पावले सांगितली आहेत, त्यांचा क्रम हीच गोष्ट धरून लावला आहे.

आधी खेळ ओळखून घ्यावा

बार, बीम आणि व्हॉल्ट असलेले कलात्मक जिम्नॅस्टिक्स वेगळे आणि हा खेळ वेगळा. येथे १३ मीटर लांब व १३ मीटर रुंद अशा मॅटवर, संगीताच्या साथीने, हातात साधन घेऊन रचना सादर करायची असते. साधने पाच आहेत: दोरी, हूप (मोठे गोल कडे), चेंडू, क्लब्ज (मुद्गलासारखे दोन छोटे दांडे) आणि रिबन (काठीला बांधलेली लांब फीत). वैयक्तिक रचना सव्वा ते दीड मिनिटाची असते, तर पाच जणींची सांघिक रचना सव्वादोन ते अडीच मिनिटांची. हवेत कोलांटी घेण्यासारख्या उड्डाणाच्या कसरतींना येथे परवानगी नसते. अवघड काम असते ते शरीर आणि साधन यांचे एकाच वेळी चालणारे बोलणे: एका पायावर गिरकी चालू असताना हूप हातात फिरत राहिले पाहिजे, आणि उंच फेकलेला क्लब खाली येईपर्यंत जमिनीवरून दोनदा लोळून तो न पाहता झेलता आला पाहिजे.

जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९६३ मध्ये बुडापेस्ट येथे सुरू झाली. ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला आला आणि सांघिक प्रकार १९९६ मध्ये अटलांटाला. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या जागतिक व ऑलिंपिक स्पर्धा आजही केवळ मुलींसाठी आहेत. जपानमध्ये मुलांचा रिदमिक प्रकार अनेक दशके खेळला जातो, पण त्याचे नियम निराळे आहेत. मुलाला हा खेळ आवडत असेल, तर आपल्या भागात त्याच्यासाठी स्पर्धा आहेत का, हे आधीच विचारून घ्यावे.

वयाचे गणित

सर्वसाधारणपणे मुली पाचव्या ते सातव्या वर्षी सुरुवात करतात. आंतरराष्ट्रीय पातळीवर १३ ते १५ हा ज्युनियर गट आणि १६ पासून पुढे सीनियर. हे वय वाढदिवसावरून नव्हे, तर जन्मवर्षावरून मोजतात. पॅरिसमध्ये वैयक्तिक सुवर्णपदक जिंकलेल्या जर्मनीच्या दार्या वारफोलोमेयेव्हचा जन्म नोव्हेंबर २००६ चा आहे. त्यामुळे सोळावा वाढदिवस वर्षअखेरीस असूनही २०२२ च्या जागतिक स्पर्धेत ती सीनियर म्हणून खेळू शकली.

या नियमाचा पालकांसाठी असलेला अर्थ फारसा कुणी सांगत नाही. सहाव्या वर्षी सुरुवात केली, तर सीनियर होण्यापूर्वी दहा वर्षे हाताशी असतात. आठव्या वर्षी मिळालेल्या पदकाला सीनियर कारकिर्दीच्या हिशेबात काडीची किंमत नसते. त्या वयात काय साधले आणि शरीराचे काय बिघडू दिले नाही, यालाच किंमत असते. म्हणून नवव्या किंवा दहाव्या वर्षी आलेल्या मुलीलाही दार बंद समजू नये. तिला सर्वोच्च पातळी गाठणे अवघड जाईल, परंतु क्लब पातळीच्या स्पर्धा आणि सांघिक रचना यांत ती मनापासून रमू शकते.

प्रशिक्षक निवडताना

माझ्या मते सगळ्या प्रवासातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे, आणि नेमका हाच निर्णय घराजवळचा वर्ग कोणता एवढे पाहून उरकला जातो. प्रवेश घेण्यापूर्वी निदान दोन वेळा, आणि शक्य झाल्यास अगोदर न कळवता, पूर्ण तास बसून पाहावा. पालकांना सराव कधीच पाहू न देणाऱ्या ठिकाणी मुलीला घालू नये. रोज बसायला मनाई असणे समजण्यासारखे आहे, कारण पालक समोर असले की लहान मुलींचे लक्ष मॅटवर राहत नाही. पण महिन्यातून एखाद्या दिवशीही दार उघडत नसेल, तर आत काय चालते हा प्रश्न विचारावाच लागतो.

पाहताना नजर पट्टीच्या मुलीवर नव्हे, तर वर्गातल्या सर्वांत कच्च्या मुलीवर ठेवावी. तिची चूक कोणत्या शब्दांत दाखवली जाते, तिला करून पाहण्याची संधी किती वेळा मिळते, ती रडली तर पुढच्या दोन मिनिटांत काय होते, यावरून प्रशिक्षकाची खरी पद्धत कळते. स्ट्रेचिंगच्या वेळी विशेष लक्ष द्यावे. स्प्लिटमध्ये, म्हणजे दोन्ही पाय विरुद्ध दिशांना सरळ पसरून, बसलेल्या मुलीच्या पाठीवर किंवा गुडघ्यावर मोठ्या माणसाने भार टाकून ती ओरडेपर्यंत दाबणे हा जुना रिवाज आहे, आणि त्याचे समर्थन ‘आम्हीही असेच शिकलो’ एवढ्यावर होते. लवचीकता ताणाची हलकी जाणीव देत हळूहळू वाढते, वेदना सोसून नव्हे. जोराने दाबल्यास मांडीच्या मागच्या स्नायूला नितंबाजवळ इजा होऊ शकते आणि ती महिनोन्‌महिने पाठ सोडत नाही.

विचारायचे प्रश्न थोडे आहेत. प्रशिक्षकाकडे राष्ट्रीय संघटनेची मान्यता किंवा प्रमाणपत्र आहे का? प्रथमोपचार येणारी व्यक्ती सरावात हजर असते का? दुखापत झालेल्या मुलीला परत आणण्याची पद्धत काय? आणि सर्वांत उपयोगी प्रश्न असा: या वर्गातल्या १४-१५ वर्षांच्या मुली कुठे आहेत? सगळ्या मुली सात ते अकरा वयाच्या आणि त्यापुढे कुणीच नाही असे चित्र असेल, तर वर्ग मुली घडवतो की झिजवतो याचे उत्तर तिथेच मिळते. मुलींचे सर्वांसमोर वजन करणे किंवा त्यांच्या शरीरावर शेरे मारणे दिसले, तर पुढचे काही विचारण्याची गरज नाही. तिथून उठावे.

पहिली दोन वर्षे

सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीन दिवस, प्रत्येक वेळी तास-दीड तास पुरतो. या काळात साधन हातात फार येत नाही आणि त्यामुळे पालकांना वाटते की काही शिकवलेच जात नाही. प्रत्यक्षात पाया इथेच बसतो. चवड्यांवर उंच उभे राहणे, पावलाची बोटे ताणणे, गुडघा पूर्ण सरळ ठेवणे, खांदे खाली आणि मान लांब ठेवणे, पोटाचे स्नायू आवळून पाय वर उचलणे ही सारी बॅलेमधून आलेली शिस्त आहे आणि चांगल्या वर्गांत बॅलेचा स्वतंत्र तास असतो. लहान गटांच्या स्पर्धांमध्ये साधनाशिवाय, रिकाम्या हातांनी सादर करायची रचना असते, तीही याच कारणासाठी.

लवचीकतेइतकीच ताकद महत्त्वाची आहे, हे नवख्यांच्या लक्षात उशिरा येते. जमिनीवर स्प्लिट पडणे हे एक कौशल्य आणि उभे राहून हाताची मदत न घेता पाय कानापर्यंत नेऊन धरणे हे दुसरे; पंच गुण देतात ते दुसऱ्याला. ज्या मुलीचे सांधे मुळातच सैल आहेत, तिला तर ताकदीचे व्यायाम अधिक हवेत, कारण तिचा सांधा स्नायूंशिवाय कुणी आवरत नाही. दोन्ही बाजूंनी सराव हाही असाच दुर्लक्षित विषय. उजवा पाय चांगला उचलतो म्हणून वर्षानुवर्षे उजवाच उचलला, तर कंबर आणि पाठीचा कणा एका बाजूला झुकू लागतो.

घरी फार काही करू नये. दहा मिनिटे पावलांचे आणि पोटाचे व्यायाम पुरेत. शरीर गरम न करता घरच्या फरशीवर ताणाताणी करू देऊ नये, आणि मोबाइलवर पाहिलेली मागे वाकण्याची करामत पाहुण्यांपुढे करून दाखवायला तर मुळीच सांगू नये.

साधने आणि पोशाख

पहिल्या वर्षात विकत घ्यायचे ते थोडेच: अंगाला नीट बसणारा साधा लिओटार्ड (सरावाचा एकसंध पोशाख) आणि चवड्यापुरते असलेले हाफ शूज. साधने सुरुवातीला वर्गातलीच वापरावीत. घ्यायची वेळ आली, तर मोठ्यांच्या मापाची ‘पुढे उपयोगी पडतील’ म्हणून घेऊ नयेत, कारण हाताला न पेलणाऱ्या साधनाने चुकीची पकड लागते.

दोरीच्या मध्यावर दोन्ही पायांनी उभे राहिल्यावर टोके काखेपर्यंत यावीत. तिला मुठी नसतात, टोकांना गाठी असतात. हूप जमिनीवर उभे धरले असता मुलीच्या कमरेच्या हाडापर्यंत यावे. सीनियर खेळाडूंच्या हूपचा आतला व्यास ८० ते ९० सेंटिमीटर आणि वजन किमान ३०० ग्रॅम असते. मोठ्यांचा चेंडू १८ ते २० सेंटिमीटर व्यासाचा व किमान ४०० ग्रॅमचा असतो, लहानांसाठी तो छोटा मिळतो. चेंडू बोटांनी आवळून धरणे ही चूक मानतात, तो तळहातावर विसावला पाहिजे. ही सवय पहिल्या महिन्यात लागली नाही, तर पुढे मोडायला वर्ष जाते. क्लब्ज दोन असतात, ४० ते ५० सेंटिमीटर लांबीचे, प्रत्येकी किमान १५० ग्रॅमचे. डाव्या हाताचा आळस ते लगेच उघडा पाडतात.

रिबन दिसायला सर्वांत मोहक आणि हाताळायला सर्वांत हट्टी. सीनियरसाठी ती सहा मीटर, ज्युनियरसाठी पाच, लहानांसाठी आणखी आखूड असते. ती अखंड हलती राहावी लागते; हात थांबला की ती मरगळते, गाठ पडली की रचनेचा तोल जातो, आणि सभागृहातल्या वातानुकूलन यंत्राचा झोतसुद्धा तिला भलतीकडे नेतो. रिबन गुंडाळून ठेवताना चुरगळू देऊ नये आणि गरज पडल्यास स्पर्धेआधी हलकी इस्त्री करावी. हे काम बहुधा पालकांच्याच वाट्याला येते, तेव्हा ते शिकून घेतलेले बरे.

दोरी २०११ पासून सीनियर वैयक्तिक स्पर्धांमधून बाहेर पडली. लहानांच्या वर्गात मात्र ती असावी, कारण दोरीवरच्या उड्यांनी पोटऱ्यांत आणि घोट्यांत येणारी ताकद दुसऱ्या कोणत्याही साधनाने इतक्या स्वस्तात येत नाही. खडे जडवलेल्या महागड्या पोशाखाची पहिली तीन वर्षे तरी अजिबात गरज नाही. पोशाखाच्या चमकेला वेगळे गुण नसतात.

गुण कसे मिळतात

स्पर्धेला जाण्यापूर्वी पालकांनी गुणांची ढोबळ रीत समजून घ्यावी, म्हणजे निकालानंतरचा निम्मा संताप वाचतो. गुण तीन भागांत मिळतात. पहिला भाग काठिण्याचा: त्यात शरीराची काठिण्ये, म्हणजे उड्या, तोल आणि गिरक्या, आणि साधनाची काठिण्ये मोजली जातात. या भागाला वरची मर्यादा नाही. दुसरा भाग कलात्मकतेचा आणि तिसरा सफाईचा. हे दोन्ही प्रत्येकी दहापासून सुरू होतात आणि चुकांनुसार खाली येतात. वाकलेला गुडघा, न ताणलेले पाऊल, संगीताशी तुटलेले नाते अशा बारीक गोष्टींचे गुण थेंबाथेंबाने जातात. साधन हातून निसटले, तर जागेवरून उचलल्यास अर्धा गुण जातो आणि त्याच्या मागे तीन किंवा अधिक पावले धावावे लागल्यास पूर्ण एक. मॅटची रेषा ओलांडली तरी ०.३० ची वजावट होते.

यातून नवख्यांसाठी एक सरळ धोरण निघते. जे सरावात दहापैकी आठ वेळा जमते तेवढेच रचनेत ठेवावे. हौसेने घातलेली उंच फेक दोनदा चुकली, तर तिच्यातून मिळणाऱ्या गुणांपेक्षा जास्त गुण गमावून मुलगी रडत परत येते. नियमांचे पुस्तक दर ऑलिंपिक चक्रात, म्हणजे चार वर्षांनी, बदलते. प्रशिक्षक जुन्याच नियमांवर रचना बसवत आहेत का, याकडे लक्ष असू द्यावे.

पहिली स्पर्धा लहान असावी, जवळपासची असावी आणि शक्य झाल्यास मैत्रिणींबरोबरची सांघिक असावी. स्पर्धेच्या दिवशी मॅटपर्यंत लागणाऱ्या वस्तू आदल्या रात्री भरून ठेवाव्यात: दुसरा लिओटार्ड, जादा हाफ शूज, केसांच्या पिना, पाणी, हलका खाऊ आणि संगीताची दुसरी प्रत. प्रेक्षकांतून सूचना ओरडू नयेत. परतीच्या वाटेवर चुकांची उजळणी तर मुळीच करू नये. ती पंचांनी आधीच केलेली असते आणि दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकही करणारच असतात.

अकरा ते पंधरा

बहुतेक कारकिर्दी या चार वर्षांत संपतात, म्हणून येथे थोडे थांबायला हवे.

मुलीची उंची झपाट्याने वाढू लागली की हाडे आधी लांब होतात आणि स्नायू मागून येतात. काल सहज पडणारा स्प्लिट आज अडतो, शरीराचा गुरुत्वमध्य बदलल्याने गिरक्या चुकतात, फेकीचा अंदाज बिघडतो. मुलीला वाटते आपण मागे पडलो. प्रशिक्षक अनुभवी नसेल तर त्यालाही वाटते ती आळशी झाली. नेमक्या याच काळात सरावाचे तास वाढवले जातात आणि ताणण्याचा जोर वाढतो. करायचे असते ते उलटे. फेकी, संगीत, नृत्याची पावले यांवर भर द्यावा, अतिरेकी मागे वाकणे कमी करावे आणि सहा-आठ महिने नव्या काठिण्यांचा आग्रह सोडावा. दर दोन-तीन महिन्यांनी घरच्या भिंतीवर उंचीची खूण करून ती प्रशिक्षकांना दाखवली, तर हा काळ वेळेवर ओळखता येतो.

कंबर दुखण्याकडे दुर्लक्ष करू नये. या खेळात पाठ सतत मागे वाकत असल्याने खालच्या मणक्यांच्या मागील भागाला ताणाने तडा जाऊ शकतो. मागे वाकताना किंवा एका पायावर उभे राहून वाकताना वाढणारे आणि दोन आठवड्यांनंतरही न हटणारे दुखणे म्हणजे अस्थितज्ज्ञाकडे जाण्याची वेळ. लवकर ओळखले तर विश्रांतीने आणि योग्य व्यायामाने ते बहुधा बरे होते. वेदनाशामक गोळी देऊन स्पर्धा उरकून घेणे हा मुलीवरचा अन्याय आहे.

खाण्याच्या बाबतीत आणखी स्पष्ट बोलावे लागते. या खेळात बारीक अंगकाठीचे आकर्षण आहे, आणि ‘थोडे कमी खा’ हे वाक्य मॅटच्या कडेला फार सहज बोलले जाते. सरावाला लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा कमी आहार सतत घेतला, तर पाळी लांबते किंवा थांबते, हाडे कमकुवत होतात, दुखापती भरून येत नाहीत, मन उदास राहते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये खेळाडूंमधल्या या अवस्थेची स्वतंत्र दखल घेतली. हाडांची मोठी भर किशोरवयातच पडते आणि ती गमावलेली भर पुढे सहजी मिळत नाही. पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी सुरू झाली नसेल, किंवा सुरू झालेली सलग तीन महिने थांबली असेल, तर ‘खेळाडूंचे असेच असते’ हे उत्तर मान्य करू नये, डॉक्टरांना दाखवावे.

स्पर्धात्मक गटात या वयात आठवड्याचे तास पंधरा-वीसच्या घरात जातात आणि सर्वोच्च पातळीवर त्याहूनही पुढे. शाळा, झोप आणि सराव यांत काहीतरी कापावे लागते, आणि बहुतेक घरांत झोप कापली जाते. ती कापू नये. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुटी आणि वर्षातून काही आठवडे मॅटपासून दूर, एवढे प्रशिक्षकांकडून आधीच ठरवून घ्यावे.

वैयक्तिक की सांघिक

चौदा-पंधराव्या वर्षी बहुधा हा प्रश्न उभा राहतो. एकटीने चार साधनांच्या चार रचना पेलणारी मुलगी आणि चौघींच्या श्वासाशी श्वास जुळवणारी मुलगी यांचे स्वभाव निराळे असतात. सांघिक प्रकाराला दुय्यम समजण्याची पद्धत आहे, ती चुकीची आहे. पाच साधने एकाच क्षणी हवेत आणि प्रत्येकीने दुसरीचे झेलायचे, यात एकीची चूक पाचही जणींची होते, आणि ते ओझे वाहणे सोपे नाही. ऑलिंपिकमध्ये एका देशाच्या जास्तीत जास्त दोनच वैयक्तिक खेळाडू जाऊ शकतात, त्यामुळे बलाढ्य देशांतल्या कितीतरी उत्तम मुलींना सांघिक प्रकार हीच वाट उरते.

सीनियर वर्षे आणि त्यानंतर

रशियाची येवगेनिया कानायेवा २००८ आणि २०१२ अशी सलग दोन वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकून, जेमतेम २२ व्या वर्षी निवृत्त झाली. दुसऱ्या टोकाला स्पेनची आल्मुदेना सिद आहे: १९९६ पासून २००८ पर्यंत चार ऑलिंपिक आणि चारही वेळा अंतिम फेरी, शेवटच्या वेळी वय २८. एकीकडे झगमगती आणि आखूड कारकीर्द, दुसरीकडे पदकाविना पण लांब पल्ल्याची. मुलीशी बोलताना दोन्ही उदाहरणे समोर ठेवावीत.

अकरा ते पंधराचा टप्पा ओलांडलेल्या बहुसंख्य मुली मात्र १७-१८ व्या वर्षी, उच्च शिक्षणाच्या उंबरठ्यावर, स्पर्धा थांबवतात. थांबण्याची तयारी एक-दोन वर्षे आधी सुरू करावी. दहा वर्षे ज्या मुलीचा प्रत्येक संध्याकाळचा तास ठरलेला होता, तिला एकाएकी मोकळी संध्याकाळ अंगावर येते. सराव एकदम बंद न करता आठवड्यातून दोन दिवसांवर आणावा. शरीरालाही ते मानवते.

याच काळात तिला लहान गटाच्या वर्गात मदतनीस म्हणून उभे करता येते. पुढे प्रशिक्षक, नृत्यदिग्दर्शक, फिजिओथेरपिस्ट किंवा मंचावरची कलाकार अशा वाटा आहेत. पंच होण्याची वाट सर्वांत कमी बोलली जाते, पण अनेक संघटना माजी खेळाडूंना तरुणपणीच प्राथमिक परीक्षेला बसू देतात, आणि स्थानिक स्पर्धांना पंच नेहमीच कमी पडतात. परीक्षेत रचनांच्या चित्रफिती दाखवून चिन्हांच्या लिपीत काठिण्ये टिपून घ्यायला लावतात. प्रत्येक उडीला, तोलाला आणि गिरकीला ठरलेले चिन्ह असते, आणि दीड मिनिटात खेळाडूवरून नजर न हलवता ती सारी लिहायची असतात. ही चिन्हे तेराव्या-चौदाव्या वर्षीच खेळ म्हणून शिकायला हरकत नाही. स्वतःची रचना स्वतःच्या हाताने कागदावर उतरवता येऊ लागली की कोणता घटक का ठेवला आहे, हे मुलगी प्रशिक्षकांना विचारू लागते.